सरासरी चव्वेचाळीस

शकुंतलाबाईंचं काम माझ्यामुळे जायची वेळ आली होती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे मी इकडच्या तिकडच्या गमती सांगत बसेन आणि मूळ गोष्ट त्यात झाकली जाईल. ती माझी जुनी खोड आहे. शकुंतलाबाई केशोरीच्या पलीकडच्या एका टोल्यावर, जंगलातल्या छोट्या वस्तीवर, अकरा वर्षांपासून आशाताई आहेत. म्हणजे गावातला ताप, बाळंतपण, विंचू, साप, सगळं आधी त्यांच्या दारात येतं आणि दवाखान्यात नंतर पोचतं. टोल्याचं नाव मी सांगणार नाही. माझ्यामुळे त्याची पेपरात एकदा बदनामी झाली आहे, तेवढी पुरे.

मी भूपेंद्र कटरे. आमगावच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवतो. पदोन्नतीसाठी एक संशोधन प्रकल्प करणं भाग होतं आणि विषय काही सुचत नव्हता. आमचे शेजारी भैयाजी रेल्वेतून निवृत्त झालेत. तेव्हापासून त्यांनी मोहल्ल्यातल्या प्रत्येकाला सल्ला द्यायचं काम हाती घेतलं आहे. ते म्हणाले, "यार प्रोफेसर, लोक शुगर नापतात, बीपी नापतात. कॉन्फिडन्स किसीने नापा क्या? तुम्ही तो नापा. अन् जंगलातल्या गावात जा, तिथे कोणी तपासायला येत नाही."

तर विषय ठरला. 'दुर्गम भागातील नागरिकांचा प्रथमोपचार देण्याविषयीचा आत्मविश्वास: एक मापन.' नाव ऐकून मलाच गहिवरून आलं. आमच्या सौभाग्यवती दुर्गेश्वरी मात्र भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "तुमच्या बोटाला कापलं तर तुम्ही डोळे मिटून मला हाका मारता. तुम्ही काय मोजणार?"

"मोजणाऱ्याला येणं जरुरी नसतं," मी म्हणालो. "थर्मामीटरला कधी ताप येतो का?"

या उत्तरावर मी दोन दिवस खूश होतो.

प्रश्नावली तयार केली. बारा प्रश्न. साप चावला, हाड मोडलं, कोणी तलावात बुडालं, कोणाला भोवळ आली. दवाखाना दोन तासांवर आहे. तुम्ही प्रथमोपचार कराल याची तुम्हाला शंभरपैकी किती खात्री वाटते? बस, एवढंच. मग टोल्याचे सरपंच केशोराव यांना फोन लावला.

"सरपंचजी, मी सर्वेक्षणाला येतोय. प्रत्येक माणसानं शंभरपैकी एक आकडा सांगायचा आहे."

"शंभरातून?"

"हो. अहवाल वर जाणार आहे."

मग केशोराव एकदम मायेनं म्हणाले, "किती लोक पायजेत जी?"

"साठ मिळाले तर फार झालं."

"होऊन जाईल. तुमी काही फिकर करू नोका. मी लोकायले समजावून ठेवतो."

"अहो नाही, समजावू नका!" मी ओरडलोच. कारण संशोधनाचा एक नियम आहे. लोकांना आधीच हेतू सांगितला तर उत्तरं बिघडतात. निदान माझा तरी तसा समज होता, आणि पुस्तकात नियम सापडला की मी तो घरात, दारात, बाजारात सगळीकडे लावतो. केशोराव म्हणाले, "हाव हाव, नाई समजावत." आता आठवतं, तो सूर लहान पोराची समजूत घालायचा होता.

नोव्हेंबर होता. धानाची कापणी ऐन जोरात, आणि तरीही माझ्या सर्वेक्षणासाठी चौसष्ट माणसं विळे बाजूला ठेवून शाळेच्या पडवीत येऊन बसली होती. मला खुर्ची, टेबल, टेबलावर धुतलेली चादर, पोहे, चहा, पुन्हा चहा. विज्ञानाबद्दल खेड्यापाड्यांत केवढी आस्था आहे, असं मी मनातल्या मनात म्हणालो. शकुंतलाबाई त्या दिवशी गावात नव्हत्या. एका अडलेल्या बाईला घेऊन त्या दवाखान्यात गेल्या होत्या. त्या असत्या तर हे सगळं तिथेच थांबलं असतं, पण माझं नशीब माझ्याहून शहाणं कधीच नव्हतं.

पहिला उदाराम आला. पन्नाशीचा, काटक माणूस.

"उदारामभाऊ, समजा शेतात कोणाचं हाड मोडलं. तुम्ही प्रथमोपचार कराल याची खात्री किती?"

उदारामनं केशोरावांकडे पाहिलं. केशोराव छपराकडे पाहत होते.

"त्रेचाळीस," उदाराम म्हणाला.

"नीट विचार करून सांगा."

"बरं, चवेचाळीस लिवा. त्याच्या वर नाई जमत जी. यंदा तुडतुडा लय होता."

मी समासात टीप लिहिली: 'पिकावरील कीड आणि प्रथमोपचाराचा आत्मविश्वास यांचा संबंध तपासावा.' ती टीप अजून माझ्याकडे आहे. रागाच्या भरात स्वतःला चार शब्द सुनावायचे असले की ती काढून वाचतो.

मग एकामागून एक आकडे येत गेले. त्रेचाळीस, पंचेचाळीस, बेचाळीस, सत्तेचाळीस. साप असो की भोवळ, आकडा तोच. एका म्हातारीनं तर प्रश्न सुरू व्हायच्या आधीच "एकेचाळीस" म्हणून टाकलं आणि घरी गेली. घोळ घातला तो फक्त विक्कीनं. विक्की तिशीचा गडी, नागझिऱ्याला पर्यटकांचा गाईड. तो छाती काढून म्हणाला, "पंच्याण्णव!"

मागून कोणीतरी म्हणालं, "गाव बुडवतं का रे, मुर्दाड!"

केशोराव घाईनं पुढे आले. "हा बाहेर राहते जी. इथचं काई मालूम नाई त्याले. याचा कागद नोका घेऊ."

मी हसून मान डोलावली. संशोधनात असे तऱ्हेवाईक आकडे गाळायची सोय असते. विक्कीला मी गाळला. त्या दिवशी गावात खरं बोललेला तो एकटाच माणूस होता.

सरासरी चव्वेचाळीस निघाली. चौसष्टांतून विक्की गेला, उरलेली त्रेसष्ट माणसं चाळीस आणि अठ्ठेचाळीसच्या मध्ये दाटीवाटीनं बसलेली. असे गोळीबंद आकडे मी आयुष्यात पाहिले नव्हते. दुसऱ्या कोणाला शंका आली असती. मला अभिमान वाटला.

आणि मग ते गाडं सुटलंच. गोंदियाच्या परिसंवादात मी निबंध वाचला. तिथे एक वार्ताहर जेवायला आला होता, त्यानं दुसऱ्या दिवशी छापलं: 'केशोरी भागात प्रथमोपचाराचा आत्मविश्वास अवघा ४४ टक्के! प्रा. कटरे यांचे धक्कादायक निष्कर्ष.' भैयाजींनी ते कात्रण सतरा ग्रुपांवर टाकलं. मोहल्ल्यानं पाण्याच्या टाकीखाली माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. कॉलेजच्या फाटकावर माझा फ्लेक्स लागला, त्यात माझ्या मागे, का कोण जाणे, हिमालय होता. प्राचार्य म्हणाले की पदोन्नतीचं आता झालंच म्हणून समजा. शेवटी तालुक्याच्या आरोग्य विभागातून एका साहेबांचा फोन आला.

"सर, तुम्ही आमचे डोळे उघडले. आता आम्ही जबाबदारी निश्चित करतो."

"कर्तव्यच होतं माझं," मी म्हणालो. जबाबदारी निश्चित करणे हा शब्दप्रयोग मला आवडला. कोणाची, हे मी विचारलं नाही.

अहवालाला फोटो हवे होते, म्हणून पंधरा दिवसांनी पुन्हा निघालो. गोंदियाहून बल्लारशाच्या गाडीनं अर्जुनीला उतरलो, एका विद्यार्थ्याच्या घरून स्कुटी मागून घेतली आणि मजेत चाललो होतो. टोल्याच्या अलीकडे एक बकरी आडवी आली. बकरीनं निर्णय घेतला, मीही घेतला, आणि दोघांचा एकच निघाला. मी स्कुटीसकट बांधावरून खाली, कापलेल्या धानाच्या बांधीत. उठायला गेलो तर उजवा हात कोपराच्या खाली जिथे वाकायला नको तिथे वाकलेला.

पुढचं लिहिताना अजून कान गरम होतात. मी ओरडलो. नुसता "आई गं" असा नाही, तर लांबलचक, थांबून थांबून. कापणीची माणसं धावत आली. मी म्हणालो, "मला हलवू नका!" मग म्हणालो, "हलवा, हलवा, खाली मुंग्या आहेत!" मग पाणी मागितलं, आणि दिलं तेव्हा "पाणी देऊ नका, ऑपरेशन लागेल" म्हणून तांब्या ढकलून दिला. हाड मोडल्यावर काय करायचं हा माझ्याच प्रश्नावलीतला चौथा प्रश्न होता. पण प्रश्नावलीत प्रश्न होते, उत्तरं कुठे होती? मी डोळे मिटले आणि दुर्गेश्वरीला हाक मारली. ती तेव्हा दीडशे किलोमीटरवर तूर निवडत होती.

उदारामनं मात्र एकदाच पाहिलं आणि विळा घेऊन बांबूच्या बेटाकडे गेला. तेवढ्यात खांद्याला पिशवी लावलेल्या एक बाई आल्या, माझ्याजवळ मांडी घालून बसल्या, आणि माझ्या डोळ्यांत पाहून म्हणाल्या, "काऊन घाबरून राहिले जी? हात गेला नाई, हाड मोडलं. हाड जुडते."

त्याच शकुंतलाबाई.

उदारामनं चिरून आणलेल्या बांबूच्या दोन कमच्या त्यांनी जुन्या लुगड्याच्या तुकड्यांत गुंडाळल्या, हात आहे तसाच धरून दोन्ही बाजूंनी लावल्या, कोपराच्या वर आणि मनगटाच्या खाली बांधल्या. मग माझ्या बोटांची नखं एकेक करून दाबली, सोडली, रंग परत येतो का पाहिलं. "मुंग्या येऊन राहिल्या का बोटात?" नाही म्हटल्यावर गळ्यातून झोळी करून हात त्यात ठेवला. एक माणूस तलावाच्या पाळीवर चढून रुग्णवाहिकेला फोन लावत होता, कारण नेटवर्क तिथेच येतं आणि हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. सगळं मिळून दहा मिनिटं गेली असतील. कोणी कोणाला विचारलं नाही, कोणी ओरडलं नाही. ओरडत होतो तो मी एकटा.

"उदारामभाऊ," मी रडक्या आवाजात म्हणालो, "एवढं सगळं येतं, मग चव्वेचाळीस कसं सांगितलं?"

उदाराम बिडी पेटवत होता. "मंग का पन्नासच्या वर सांगू? गाव यादीतून गेला असता न जी."

"कोणत्या यादीतून?"

कापणीच्या माणसांबरोबर धावत आलेल्या केशोरावांनी आता माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. माझ्याही पडला. आमच्या भागात दरवर्षी कापणीच्या सुमारास सरकार प्रत्येक गावाच्या पिकाची पैसेवारी काढतं. पीक शंभर पैशांतून किती पैसे आलं, तो आकडा. पन्नासच्या खाली आलं तर गाव यादीत येतं आणि दुष्काळाच्या सवलती मिळतात, वर गेलं की काही नाही. आणि ऐन कापणीत, शाळेच्या पडवीत, टेबल मांडून, शंभरातून आकडा सांगा, अहवाल वर जाणार, असं म्हणत एक पॅन्टवाला माणूस आला होता. तो कशासाठी आला ते त्यानं सांगितलं नव्हतं, आणि विचारू तर देतच नव्हता.

"पण मी साप-विंचवाचं विचारत होतो हो!"

"सरकारचे प्रश्न कायचे बी असतात जी," केशोराव म्हणाले. "मागल्या साली आमी खरं सांगतलं. बावन्न पैसे आले अन् गाव हातचा गेला. म्हनून यंदा मी सगळ्यायले बजावलं, प्रश्न कोनताही असो, आकडा पन्नासच्या खालीच."

शकुंतलाबाई झोळीची गाठ सारखी करत होत्या. त्यांनी पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढून माझ्या डाव्या हातात दिला. 'आपल्या कार्यक्षेत्रातील नागरिकांचा आत्मविश्वास ४४ टक्के इतका अल्प असल्याचे निदर्शनास आले आहे. अकरा वर्षांत आपण काय जनजागृती केली, याचा खुलासा गुरुवारी समक्ष करावा. खुलासा समाधानकारक न वाटल्यास आपणास कमी करण्यात येईल.'

"तुमीच कटरे सर न जी?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्या म्हणाल्या, "हात छातीजवळ ठेवा. गाडीत हादरे बसतीन."

मला त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी हात प्लास्टरमध्ये घालून पडलो होतो. भैयाजी भेटायला आले, सगळं ऐकलं आणि दार लावून घेतलं. "पागल झाले का? गुरुवारी जाऊ नका. हात टूटा है, मेडिकल टाका. तुमचं प्रमोशन शनिवारी, तिचं काम ती पाहून घेईल. डेटा तो डेटा होता है." सांगायला लाज वाटते, पण तो सल्ला मला पूर्ण एक रात्र चांगला वाटला. सकाळी दुर्गेश्वरी माझ्या शर्टाची बटणं लावत होती. ती एवढंच म्हणाली, "त्या बाईनं तुमचा हात बांधला तेव्हा तुमचं नाव तिला माहीत होतं." मग तिनं माझी बॅग भरली.

गुरुवारी गेलो. पण शूर होऊन नाही. मी दोन पानी निवेदन टाईप करून नेलं होतं. त्यात 'प्रतिसादकांचा पूर्वग्रह', 'मापनसाधनाच्या मर्यादा' वगैरे होतं आणि माझं नाव कुठेच नव्हतं. खोलीत साहेब, त्यांचा लिपिक, कोपऱ्यातल्या खुर्चीच्या टोकावर शकुंतलाबाई. मी निवेदन वाचलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं.

"सर, मला एक सांगा. आकडा बरोबर की चूक?"

उत्तर एका शब्दाचं होतं. माझ्या डोळ्यांसमोर फाटकावरचा फ्लेक्स आला, प्राचार्य आले, शनिवार आला. मी डाव्या हातानं निवेदनाची पानं उलटून पाहू लागलो.

तेव्हा शकुंतलाबाई उठल्या. "साहेब, त्यायले कायले तरास देता? हात दुखत असन त्यायचा. आकडा बरोबर असन. मीच कमी पडली."

आजवर माझा अपमान बऱ्याच लोकांनी केला आहे, काहींनी जाहीरपणे. पण एवढं मेल्याहून मेल्यासारखं कधी झालं नव्हतं. जिचं काम मी घालवत होतो, ती माझी अब्रू राखत होती, आणि मी तिला राखू देत होतो.

"चूक आहे," मी म्हणालो. "आकडा साफ चूक आहे, साहेब. चूक माझी आहे."

साहेबांनी चष्मा काढला. "मग तसं लेखी द्या. ते आलं की हिची नोटीस इथेच बंद."

लेखी द्यायचं, पण उजवा हात प्लास्टरमध्ये. लिपिक म्हणाला, कार्यालयाच्या माणसाला दुसऱ्याचा अर्ज लिहिता येत नाही. खोलीत चौथं माणूस एकच होतं. शकुंतलाबाईंनी पिशवीतून पेन काढला, झाकण दातानं उघडलं आणि म्हणाल्या, "सांगा."

"सदर अभ्यासातील पद्धतिशास्त्रीय मर्यादा लक्षात घेता..."

पेन हललाच नाही. "हे कोनाले समजन जी?"

मग मी सांगितलं, त्यांनी लिहिलं. मी गावात गेलो आणि कशासाठी विचारतो ते लोकांना सांगितलं नाही. लोकांनी पैसेवारी समजून आकडे दिले. जो खरं बोलला त्याला मी गाळलं. आकडा खोटा आहे. शकुंतलाबाईंचा यात काही दोष नाही. इथे त्या थांबल्या. "माझं नाव मीच लिवू?" लिहा म्हटलं. त्यांनी ते अगदी बारीक अक्षरात लिहिलं. माझा मोडलेला हात त्यांनी बांधला, हेही लिहा म्हटलं, तर म्हणाल्या, "ते राहू द्या. ते तर कामच हाये." पण मी हट्ट धरला, तेव्हा लिहिलं.

सही डाव्या हातानं करून पाहिली. कागदावर काहीतरी उमटलं, पण लिपिक म्हणाला, ही सही म्हणून चालणार नाही, अंगठा द्या. दोन पदव्युत्तर पदव्या आणि एक पीएच. डी. असलेल्या माणसानं अंगठा पुढे केला. शकुंतलाबाईंनी तो धरला, शाईच्या पॅडवर आडवा फिरवला. "सैल सोडा जी. तुमी दाबू नोका, मी दाबतो." म्हाताऱ्याकोताऱ्यांचे अंगठे त्या रोज घेत असणार. उमटला, सगळ्या रेघा स्वच्छ.

"अंगठा असला की मजकूर वाचून दाखवावा लागतो," लिपिक म्हणाला. "आणि समजल्याचं विचारावं लागतं. नियम आहे."

शकुंतलाबाई उभ्या राहिल्या. शाळेत पोरी वाचतात तसं, एकेका शब्दावर बोट ठेवून त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं मोठ्यानं वाचलं. आपल्या नावाशी आवाज थोडा खाली गेला, पण थांबल्या नाहीत. मग कागद खाली करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"समजलं का जी?"

"समजलं," मी म्हणालो.